'शांत' म्हणजे नक्की किती डेसिबल?

गेल्या आठ महिन्यांत मी सगळ्यात जास्त गद्य वाचलं ते घरं विकणाऱ्यांचं. आम्ही उट्रेख्टमध्ये अपार्टमेंट शोधतोय, आणि नेदरलँड्समध्ये घर शोधायचं म्हणजे फुंडा उघडायचं. माकेलार, म्हणजे इथले इस्टेट एजंट, त्यांच्या संघटनेनं २००१ साली सुरू केलेली ही साइट. ('काय फंडा आहे' वगैरे विनोद आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात करून झाले.) घराचे फोटो, प्लॅन आणि खाली तीनचारशे शब्दांचा मजकूर. बहुतेक लोक फोटो सरकवतात, किंमत बघतात आणि सुस्कारा टाकून पुढे जातात. मी मजकूर वाचते. हा एक वेगळा गद्यप्रकार आहे, त्याचे संकेत पक्के आहेत आणि त्याची कुणी समीक्षा करत नाही. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कर्जाची सुरुवात मात्र इथूनच होते.

या प्रकाराची निम्मी बाजू उत्तम आहे, हे आधीच सांगते. आकडे खरे असतात. घराचं क्षेत्रफळ एनईएन २५८० या मानकानुसार मोजायचं असतं. उतरत्या छपराखाली जिथे उंची दीड मीटरपेक्षा कमी, ती जागा राहण्याच्या जागेत धरत नाहीत. बाल्कनीचा हिशेब वेगळा. 'सुपर बिल्ट-अप' नावाच्या कादंबरीवर वाढलेल्या माझ्यासारखीला हे वाचून गहिवरून येतं. आपल्याकडे कार्पेट एरियाची कायदेशीर व्याख्या यायला २०१६चा रेरा कायदा लागला.

आकडे संपून विशेषणं सुरू झाली, की हेच गद्य घसरतं. 'वातावरण असलेलं' म्हणजे अंधारं. 'वैशिष्ट्यपूर्ण' म्हणजे जिना शिडीसारखा उभा. 'तुमच्या कल्पनांना वाव' म्हणजे स्वयंपाकघर नव्यानं करा. इथपर्यंत गंमत आहे. रविवारच्या पुरवणीतलं 'निसर्गाच्या सान्निध्यात, स्टेशनपासून पाच मिनिटांवर' वाचून आपणही तयार झालेलो असतोच. ती पाच मिनिटं रात्री दोन वाजताच्या रिकाम्या रस्त्यावरची, हे कुणी सांगावं लागत नाही.

अडतं ते 'रुस्तिख' या शब्दापाशी. रुस्तिख म्हणजे शांत. हा शब्द नसलेली जाहिरात मला क्वचितच सापडली. आणि तो नेहमी निसर्गाच्या शेजारी बसवलेला असतो: झाडं, पाणी, पक्षी, रुस्तिख. जणू शांतता त्या मातीतच उगवते.

ओख इन आलमधलं घर बघितलं तेव्हाची गोष्ट. उट्रेख्टच्या पश्चिमेची ही वस्ती दोन कालव्यांच्या मधे आहे. एका बाजूला जुना मेरवेडे कालवा, दुसऱ्या बाजूला १९५२ साली सुरू झालेला अ‍ॅम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालवा, ज्यातून मोठ्या मालवाहू बोटी दिवसरात्र जातात. रस्त्यांना मोझार्ट, बेथोव्हेन, हेंडेल अशी नावं. (संगीतकारांची नावं दिलेल्या गल्ल्यांमधून इतका कमी आवाज यावा, हे मला आवडलं.) विटांच्या तीन मजली इमारतीत दुसरा मजला. जाहिरातीत 'रुस्तिख' तीनदा. आम्हाला वीस मिनिटं मिळाली. तेवढ्या वेळात घर खरोखरच शांत होतं. मंगळवारी सकाळी अकराला कुठलं घर शांत नसतं?

इथला कायदा सांगतो, की विकणाऱ्यानं त्याला माहीत असलेले दोष सांगायचे आणि घेणाऱ्यानं आपला शोध आपण घ्यायचा. म्हणून मी कागदपत्रं मागवली. त्यात व्हीव्हीईच्या, म्हणजे फ्लॅटमालकांच्या संघाच्या, वार्षिक सभेचं इतिवृत्त होतं. फ्लॅट घेतला की या संघाचं सभासदत्व आपोआप गळ्यात पडतं, नको म्हणता येत नाही. महिन्याची वर्गणी असते. मोठ्या दुरुस्त्यांसाठी निधी बाजूला टाकणं २०१८पासून सक्तीचं आहे. आपली सोसायटीच, फक्त वॉचमन नाही.

ते चौदा पानी इतिवृत्त मी डिक्शनरी घेऊन दोन रात्रीत वाचलं, आणि घराबद्दलचं खरं लेखन हे आहे असं मला वाटलं. त्यात पात्रं होती, काळ होता, संघर्ष होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गालिचा काढून लॅमिनेट घातलं होतं. नियमावलीत कलम होतं, की कडक फरशीखाली पावलांचा आवाज किमान दहा डेसिबलनं कमी करणारा थर हवा. इथल्या बऱ्याच इमारतींत असं कलम असतं. थर होता का? पावती होती का? मोजणी कुणाच्या खर्चानं? दोन वर्षांच्या सभा त्यात गेल्या होत्या. बाईंचं आडनाव अस्सल डच होतं. परके आले आणि गोंगाट झाला, असली ही गोष्ट नव्हती. मामला लॅमिनेटचा होता.

म्हणजे जाहिरातीत निसर्गाची देणगी म्हणून आलेली शांतता लोकांनी सभा घेऊन, कलमं लिहून, एकमेकांवर कान ठेवून तयार केलेली होती. याबद्दल मला आदरच वाटतो. पुण्यात आमच्या खालच्या हॉलमध्ये लग्नाचा डीजे रात्री बारापर्यंत चालायचा, तेव्हा असं एखादं कलम मिळालं असतं तर मी ते फ्रेम करून लावलं असतं. पण माकेलारचं गद्य हे श्रम पुसून टाकतं, आणि त्याबरोबर ग्राहकाला विचारायला हवा तो प्रश्नही: तुम्ही ही शांतता पाळू शकाल का?

आमची मुलगी चार वर्षांची आहे आणि टाचांवर चालते. सकाळी सातला कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. सासूबाई तीन महिने येतात आणि साताऱ्याशी स्पीकरवर बोलतात. नवरा म्हणाला, "गालिचे घालू." मी म्हटलं, गालिचा पावलांना घालता येईल, शिट्टीला नाही. यावर आमचं जे बोलणं झालं तेही रुस्तिख नव्हतं.

बोली बुधवारी दुपारी बारापर्यंत द्यायची होती, बंद पाकिटात दिल्यासारखी. दुसऱ्यांनी किती लावली ते कळत नाही. बँक घराच्या मूल्यांकनाइतकंच कर्ज देते, त्यावरचा प्रत्येक युरो आपल्या खिशातला. शिवाय घराच्या किमतीवर दोन टक्के हस्तांतरण कर. आमची रक्कम घरासाठी आणि जाड गालिच्यांसाठी अशी विभागली गेली. बोली कमी पडली. संध्याकाळपर्यंत जाहिरातीवर 'विकलं, अटींसह' अशी पट्टी आली. तीन 'रुस्तिख' खाली तसेच.

जाहिरात मी सेव्ह केलेल्यांतून काढून टाकली. इतिवृत्ताची फाइल ठेवली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या फरशीची मोजणी करायची की नाही, यावर पुढच्या सभेत मतदान होणार होतं.