‘राशोमोन’ आणि ज्याचं त्याचं सत्य

कुरोसावांच्या ‘राशोमोन’चं (१९५०) नाव निघालं की लोक म्हणतात, ‘ज्याचं त्याचं सत्य!’ मला हा अर्थ आळशी वाटतो. बघा, दरोडेखोर म्हणतो, सामुराईला मी लढून मारलं. मृताचा आत्मा म्हणतो, मीच खंजीर खुपसून घेतला. दोघांनाही आपली मानी प्रतिमा जपायची आहे, तिच्यापायी घटना वाकते. लाकूडतोड्या तर खंजिराची चोरी लपवायला अर्धीच साक्ष देतो. पण माणूस मेला हे खरं, खंजीर नाहीसा झाला हेही खरं. त्यावरूनच त्याचं बिंग फुटतं. चित्रपटात न्यायाधीश दिसतच नाही, साक्षीदार आपल्याकडे तोंड करून बोलतात. म्हणजे निवाडा आपल्याला करायचाय. तो टाळला, तर ज्याचा आवाज मोठा, त्याचंच सत्य समाजात चालतं.