मालेगावचा सुपरमॅन : विडंबन आणि आत्मविडंबन

विडंबनाला आधी मूळ कृती लागते, हे आपण सर्वच भाषाशिक्षक वर्गात सांगत असतो. ‘झेंडूची फुले’ (१९२५) शिकवायची तर रविकिरण मंडळाची कविता आधी समजावून द्यावी लागते, नाहीतर अत्र्यांचा विनोद डोक्यावरून जातो. उर्दूतही तेच. मुहम्मद हुसेन आझाद यांचे ‘उर्दू की पहली किताब’ हे क्रमिक पुस्तक ज्याच्या नजरेखालून गेलेले नाही, त्याला पतरस बुखारींच्या ‘उर्दू की आखरी किताब’ची गंमत अर्धीच कळते. सुपरहिरोंच्या चित्रपटांत स्वतःचीच थट्टा करण्याची आणि इतर चित्रपटांचे संदर्भ पेरण्याची जी रीत आज रूढ झाली आहे, तीही याच घराण्यातली आहे. पांढुर्णा व सौंसर भागातल्या आपल्या विद्यार्थ्यांची घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी आणि काहींची उर्दूही. त्यांना हे चित्रपट हिंदीत रूपांतरित होऊन मोबाईलवर भेटतात, आणि त्यातले निम्मे संदर्भ वाटेतच गळून पडतात.

‘डेडपूल’ (२०१६) हा या रीतीचा ठळक नमुना. नायक मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलतो. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत कलावंतांच्या नावांऐवजी टोमणे येतात. एक्स-मेन मंडळींपैकी दोघेच का दिसतात, तर निर्मात्यांना आणखी परवडले नसावेत, असे नायकच सुचवतो. (चित्रपट प्रौढांसाठी आहे, वर्गात दाखवण्याजोगा नाही, हे जाता जाता नमूद करतो.) हसू येते हे मान्य. पण हा विनोद सावध आहे. दुसऱ्याने थट्टा करण्याआधी ती आपणच करून मोकळे व्हायचे आणि शेवटी मारामारी नेहमीसारखीच जिंकायची. आपल्याच घरच्या भिंतीवर आपणच चितारलेले व्यंगचित्र, यापलीकडे त्याची मजल क्वचित जाते.

याउलट, ज्याचे स्वतःचे घर त्या उद्योगात नाही अशा माणसाने सुपरमॅन केला तर काय होते, हे मालेगावात पाहायला मिळते. नाशिक जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे गाव. बाहेरच्या वर्तमानपत्रांतून त्याचे नाव आले ते बहुधा २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे. पण शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार चित्रपटगृहांकडे वळतात, ही गावाची दुसरी ओळख जुनी आहे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी प्रथम ‘मालेगाव के शोले’ केला. त्यात डाकूंची टोळी घोड्यांवरून येत नाही, सायकलींवरून येते. घोडे परवडत नव्हते ही अडचण, आणि तीच विनोदाची जागा. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार. अंगाने काटकुळा, पोशाख ढगळ, तांबड्या चड्डीचा नाडा लोंबता. त्याचा लढा परग्रहावरच्या शत्रूशी नाही, गावातली घाण आणि तंबाखूचे व्यसन यांच्याशी आहे.

इथे मला रतननाथ सरशार यांच्या ‘फसाना-ए-आझाद’मधला खोजी आठवतो. बुटका, अफूबाज, आणि प्रत्येक भांडणात हाताशी करौली नाही म्हणून हळहळणारा. शौर्यकथांतल्या वीराची ती नक्कलच होय. मात्र आपण हास्यास्पद आहोत याचा खोजीला पत्ता नसतो. मालेगावच्या सुपरमॅनला रचणाऱ्यांना तो पुरेपूर आहे. अमेरिकेतला वीर आणि आपली गल्ली यांच्यात किती अंतर आहे, हे त्यांनी मोजले आहे, आणि ते अंतर लपवण्याऐवजी त्यावरच चित्रपट उभा केला आहे. हसण्याचा विषय सुपरमॅन की मालेगाव, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, आणि मला वाटते तिथेच या कृतीचे बळ आहे.

हा चित्रपट तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट केला. भारतीय चित्रपटगृहांत तो २०१२ मध्ये लागला. आपल्याकडे या दोन कृतींची नेहमी गल्लत होते. माहितीपटाचा प्रेक्षक शहरातला, महोत्सवातला. कॅमेरा पाण्यात पडतो किंवा हिरवा पडदा ट्रकला बांधला जातो तेव्हा तो हसतो, पण त्याचे हसणे आणि मालेगावकराचे हसणे एक नव्हे. गरिबीची गंमत पाहण्याचा धोका इथे उघड होता. लेखक फरोग जाफरी यांची मुंबईविषयीची ओढ आणि नासिर यांचे आपल्या कसबाबद्दलचे बोलणे दिग्दर्शिकेने पुरेसे ऐकू दिले, म्हणून तो बऱ्याच अंशी टळला.

शफीक शेख २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेले. तंबाखूशी लढणाऱ्या सुपरमॅनचा हा शेवट कोणत्याही पटकथाकाराला सुचला असता तरी त्याने तो अतिरंजित म्हणून खोडला असता. रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने (प्रदर्शन २०२५, लेखन वरुण ग्रोवर) याच वास्तवाभोवती कथा गुंफली. अभिनय उत्तम आहे, मैत्रीचे चित्रण हृद्य आहे. परंतु त्यात शफीकचे उडणे हा विनोद राहत नाही, तो निरोप होतो. मूळ चित्रपट न पाहिलेल्याला हे लोक आधी हसवायला निघाले होते, याचा विसर पडावा इतके डोळे पाणावतात. श्रद्धांजली म्हणून हे योग्य असेल. विडंबनाचे मात्र त्यात नुकसान झाले.

माहितीपटातील काही भाग वर्गात दाखवला तेव्हा माझ्या पहिल्याच विधानाला धक्का बसला. १९७८ चा इंग्रजी सुपरमॅन त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेला नव्हता. तरीही नाडा दिसताच सारा वर्ग हसला. मूळ कृती त्यांना ठाऊक नव्हती, ढगळ चड्डी ठाऊक होती. सौंसरहून येणारी एक विद्यार्थिनी मात्र हसता हसता थांबली आणि तिने विचारले, “सर, हिरोईन बाहेरगावाहून का आणावी लागली? गावात मुली नव्हत्या का?” मी सांगितले की तिथल्या घरच्या मुली पडद्यावर काम करत नाहीत, म्हणून. ती म्हणाली, “मग यावर त्यांनी एकही विनोद कसा केला नाही?” घाण, तंबाखू, गरिबी, स्वतःचे काटकुळे अंग, सगळ्यांवर हसणारी ही मंडळी या एका जागी गप्प राहतात, हे तोवर माझ्याही लक्षात आले नव्हते.