दारापर्यंत

नप्पूदनार या कवीची ‘मुल्लैप्पाट्टु’ ही १०३ ओळींची प्राचीन तमिळ कविता मोहिमेवर गेलेल्या राजाची आहे, पण तिच्यात लढाई दिसत नाही. दिसतं ते घर आणि दिसते ती छावणी. पावसाळा लागला की परततो, असं सांगून राजा गेलाय आणि आता पाऊस कोसळतोय. म्हाताऱ्या बायका भात आणि मुल्लैची फुलं वाहून शकुन ऐकायला गावाबाहेर जातात. तिथे कुठला दैवी कौल मिळत नाही. थंडीने कुडकुडणारी एक गवळ्याची पोर, आईसाठी तळमळणाऱ्या वासराची समजूत काढत असते, तेवढंच कानी पडतं. त्यालाच शुभशकुन मानून त्या परततात. शेवटी राणीला रथाच्या घोड्यांचा आवाज ऐकू येतो आणि कविता थांबते.

चेन्नईत मी ही कविता शेजारच्या एका निवृत्त तमिळ प्राध्यापिकांकडे बसून वाचली. त्यांना सगळी इमारत ‘टीचर’ म्हणते, मीही म्हणते. माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. म्हणून हाताशी जे. व्ही. चेल्लय्या यांचा १९४६चा इंग्रजी अनुवाद. शेवटाला आल्यावर मी विचारलं, “आणि पुढे?”

“पुढे काय? आला ना तो!”

काव्यशास्त्राच्या हिशेबाने टीचर बरोबर होत्या. मुल्लै म्हणजे रान, पावसाळा, संध्याकाळ आणि धीराने पाहिलेली वाट. वाट पाहणं संपलं की मुल्लैही संपते. आपल्या गाथासप्तशतीतली प्रवाशाची बायकोसुद्धा पाऊस आला की अशीच दाराकडे डोळे लावून बसते. या दोन परंपरांचं नातं जॉर्ज हार्ट यांनी १९७५मध्ये सविस्तर मांडलं आहे. माझं समाधान मात्र होईना. कारण माझं लहानपण त्या ‘पुढे’मध्ये गेलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते. जुलै १९८७मध्ये गेलेली ही सेना मार्च १९९०मध्ये पूर्ण परतली. अकराशेहून अधिक जवान गमावून आलेल्या त्या सैन्याच्या मद्रासमधल्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. अण्णा मद्रासहून रेल्वेने पुण्याला आणि तिथून एसटीने सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दोन महिन्यांच्या रजेवर आले. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. इथपर्यंत सगळं मुल्लैप्पाट्टुप्रमाणे. पण गावाच्या रस्त्यावर एक मोरी होती. अण्णा तिच्यावरून कधी गेले नाहीत. माझं बोट धरून ते खाली ओढ्यात उतरायचे आणि पलीकडे चढायचे. लोक हसायचे. मला वाटायचं, अण्णांना ओढा आवडतो. श्रीलंकेत मोऱ्यांखाली सुरुंग पेरलेले असत, हे फार उशिरा कळलं.

ज्या शहरात अण्णा उतरले, त्याच शहरात आज मी तमिळ सिनेमे बघते, आणि त्यांतला रजेवरचा फौजी बघताना ती मोरी शोधते. ए. आर. मुरुगदास यांच्या ‘तुप्पाक्की’त (२०१२) कॅप्टन जगदीश, म्हणजे विजय, सुट्टीवर मुंबईला येतो. स्टेशनवरून त्याला घरचे परस्पर मुलगी बघायला नेतात. इतकी खरी, इतकी मजेदार सुरुवात! पण लवकरच बसमध्ये बॉम्ब फुटतो आणि रजा ड्युटीतच विरघळते. पुढे तर लग्नासाठी जमलेले फौजी मित्र हाताशी घेऊन एकाच वेळी बारा जणांना टिपलं जातं. मुरुगदास यांनीच केलेल्या हिंदी आवृत्तीचं नाव ‘हॉलिडे’, आणि जोडीला उपशीर्षक असं की सैनिक कधीच ड्युटीबाहेर नसतो. थिएटरात यावर टाळ्या पडतात. माझ्या घरी मात्र हेच तर दुखणं होतं. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा मिळते. पण रजा मिळाली म्हणजे लढाई अंगातून उतरली, असं होत नाही. सिनेमा त्या न उतरण्याला पराक्रम म्हणतो. शेवटी फलाटावर माणसं फौजींना निरोप देतात, ती काही मिनिटं मात्र मला सगळ्या हाणामाऱ्यांपेक्षा मोलाची वाटली.

राजकुमार पेरियसामी यांचा ‘अमरन’ (२०२४) याहून खूप प्रामाणिक आहे. २५ एप्रिल २०१४ रोजी शोपियाँमध्ये शहीद झालेल्या मेजर मुकुंद वरदराजन यांची ही गोष्ट त्यांच्या पत्नी इंदू यांच्या तोंडून येते. साई पल्लवीचा ऐकणारा चेहरा सिनेमा तोलून धरतो. फोनपलीकडे काय चाललंय हे ती न बोलता सांगते. तरीही इथल्या रजा उबदार उजेडातल्या आहेत. नवरा घरात असतो तेव्हा तो पूर्णपणे घरात असतो. यावर मी विश्वास कसा ठेवू? यातल्या काश्मिरी माणसांच्या चित्रणावरून तमिळनाडूत निदर्शनंही झाली. तो आक्षेप आणि माझा आक्षेप फार लांबचे नाहीत. जो तिथलं काहीच बरोबर घेऊन येत नाही, त्याला तिथली माणसं तरी कुठून दिसणार?

हे मी टीचरना सांगितलं आणि ओघात अण्णांचं श्रीलंकेचंही बोलून गेले. त्या गप्प झाल्या. जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९८७मध्ये काय झालं, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. जाफना विद्यापीठातल्या शिक्षकांनी लिहिलेलं ‘द ब्रोकन पामायरा’ त्यांच्याच कपाटात होतं. अण्णा तेव्हा कुठे होते, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. टीचर आत जाऊन कॉफी घेऊन आल्या. मग पुन्हा मुल्लैप्पाट्टु उघडली, पण शेवट नाही, मधलं पान.

तिथे राजा छावणीत जागा आहे. एक हात बिछान्यावर, दुसऱ्यावर डोकं टेकलेलं. जखमांनी माद्यांना विसरलेले हत्ती, कान पाडून चारा न खाणारे घोडे, खाल्ल्या अन्नाला जागून मेलेले शिपाई त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी पहिल्यांदा हे भरभर वाचून पुढे गेले होते, रथाच्या ओढीने. म्हणजे कवीला मोरी ठाऊक होती. त्याने ती घरी पोचण्याआधी ठेवली होती, इतकंच.

“आणि ही सोंड बघ,” टीचर म्हणाल्या. तुटून सापासारखी तडफडणारी हत्तीची सोंड. “हा हत्ती त्यांचा नाही. याला त्या मेलेल्या शिपायांनी तोडलंय. समोरच्यांचं एवढंच उरलंय कवितेत.”

मी अनुवादात पुन्हा पाहिलं. पुढच्या आठवड्यात ‘नेडुनल्वाडै’ घेऊ, असं टीचर म्हणाल्या. त्यात राजा रात्री दिवा घेतलेल्या माणसांबरोबर घायाळांना बघत फिरतो.