मिस ओफीलियाचा संकोच

हॅरिएट बीचर स्टो (1811–1896) यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (1852) या कादंबरीचा विचार करताना मराठी अभ्यासकास महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची (1873) अर्पणपत्रिका आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ती अमेरिकेतील लोकांस उद्देशून आहे. कादंबरीच्या प्रभावाचा तो पुरावा नव्हे.

अधिक फलदायी वाट अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) जाते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये तेथे ठाणे घातले. मिस सिंथिया फॅरार यांनी 1839 पासून 1862 मध्ये निधन होईपर्यंत तेथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले. फुले यांच्या स्त्रीशिक्षणाच्या प्रेरणेशी त्यांच्या शाळेचे नाव जोडलेले आहे. त्या न्यू इंग्लंडच्या. स्टोबाईंची मिस ओफीलियाही तेथलीच, व्हरमाँटची. गुलामगिरी हे पाप होय अशी तिची श्रद्धा. पण टॉप्सी या काळ्या पोरीचा स्पर्श मात्र तिला सोसवत नाही. (फॅरारबाई तशा होत्या असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही.) तत्त्व मान्य आणि हात आखडलेला, ही विसंगती अस्पृश्यता पाहिलेल्या वाचकास समजावून सांगावी लागत नाही. लेखिकेने ती आपल्याच उत्तरेकडील माणसांच्या पदरी घातली, यात तिचे खरे धैर्य आहे. टॉमच्या सहनशीलतेच्या चित्रणात ते तितकेसे आढळत नाही.

शेवट मात्र खटकतो. ओफीलियाचा संकोच जातो. ती टॉप्सीला कायद्याने आपल्या ताब्यात घेऊन व्हरमाँटला नेते. तेथे पोरीचे कसे निभले, हे लेखिका काही ओळींतच उरकते, आणि मोठी झालेली टॉप्सी मिशनरी होऊन आफ्रिकेस जाते. जॉर्ज हॅरिसलाही लायबेरियाच दाखविली जाते. नगरच्या शाळेतील मुलींस अशी दुसरी भूमी नव्हती; शिकून त्यांना त्याच मुलखात, त्याच पाणवठ्यावर परतावयाचे होते.