शेतकरी कुटुंबांची बचत : ‘शिल्लक’ या संकल्पनेच्या मर्यादा

उत्पन्नातून उपभोग खर्च वजा जाता उरते ती बचत, ही व्याख्या पगारदार कुटुंबास सोयीची आहे. शेतकरी कुटुंबास ती जशीच्या तशी लावली की निष्कर्ष फसवे ठरतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीनुसार २००२-०३ मध्ये भारतातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २,११५ रुपये व उपभोग खर्च २,७७० रुपये होता. ७० व्या फेरीत, म्हणजे २०१२-१३ मध्ये, हेच आकडे अनुक्रमे ६,४२६ व ६,२२३ रुपये होते. शेतकरी तुटीतून शिलकीत आला, असा अर्थ यातून सहज काढला जातो. परंतु २००२ हे दुष्काळाचे वर्ष होते; शिवाय दोन्ही फेऱ्यांत शेतकरी कुटुंबाची व्याख्याही एक नव्हती.

मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेला स्थायी उत्पन्नाचा सिद्धांत येथे अधिक उपयोगी पडतो. उपभोग दीर्घकालीन अपेक्षित उत्पन्नावर बेतला जात असेल, तर दुष्काळी वर्षातील तुटीचा काही भाग मागील बचतीच्या वापराचा मानावा लागतो. तथापि पैसा केव्हा व कोणत्या वाटेने घरात येतो, या प्रश्नाचे उत्तर त्यातही पुरेसे मिळत नाही, आणि महाराष्ट्रात तर हाच प्रश्न कळीचा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी ऊस बिलातून परतीच्या व बिनपरतीच्या ठेवी कापून सक्तीची बचत घडविली. (बिनपरतीच्या ठेवीस सभासदाची बचत म्हणावे काय, हा वादाचा मुद्दा आहे.) दुधाचे बिल ठरावीक दिवसांनी येते, त्यामुळे बचत गटाचा हप्ता त्यातून भागविता येतो. विदर्भातील कोरडवाहू कापूस उत्पादकाकडे मात्र पैसा हंगामातच येतो, आणि कृषी सेवा केंद्राची उधारी व सावकाराचे देणे आधीच दारात उभे असते. हिशेबशास्त्रानुसार जुन्या कर्जाची फेड ही बचतच. त्या घरास तसे कधी वाटत नाही.

शेळी, सोन्याचे मणी, भिशी, बियाण्यासाठी राखलेले धान्य, घरच्या श्रमाने केलेली बांधबंदिस्ती यांचा माग उत्पन्न-खर्चाच्या वजाबाकीतून लागत नाही. यातील बरीचशी बचत स्त्रियांच्या हाती असते, आणि कुटुंबप्रमुखास विचारलेल्या प्रश्नावलीत ती क्वचितच उतरते. म्हणून एकाच कुटुंबाची पेरणीपूर्वी आणि माल विकल्यानंतर, अशी दोनदा मालमत्ता व देणी मोजणे, तसेच घरातील स्त्रीस स्वतंत्रपणे विचारणे, ही अशा अभ्यासाची किमान अट ठरते.