‘नमुना’ आणि वानगी : संग्रहालयीन फुलपाखरांवरील परोपजीवींची साक्ष

मराठीत ‘नमुना’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पोत्यातून काढलेली धान्याची मूठ हा नमुना. आणि कित्त्यासाठी पुढे ठेवलेले वळणदार अक्षर हाही नमुनाच. पहिली वानगी होय, दुसरा आदर्श. संग्रहालयातील फुलपाखरांवरून परोपजीवींचा इतिहास ठरविणाऱ्या संशोधनाचे मूल्यमापन करताना हा भेद विसरून चालणार नाही.

मोनार्क फुलपाखरावरील ऑफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोस्किरा या एकपेशीय परोपजीवीचे शास्त्रीय वर्णन १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे बीजाणू रुईच्या कुळातील वनस्पतींच्या पानांबरोबर अळीच्या पोटात जातात आणि पुढे प्रौढ फुलपाखराच्या उदरावरील खवल्यांत साचतात. उदरास पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की ते मोजता येतात. नमुन्यास फारशी इजा होत नाही. १९७० पूर्वीच्या काळासाठी टाचणीस टोचलेल्या जुन्या फुलपाखरांचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

परंतु ही फुलपाखरे निवडलेली आहेत. तीव्र संसर्ग झालेले मोनार्क पुष्कळदा कोषातून नीट सुटत नाही, त्याचे पंख चुरगळलेले राहतात. संग्राहकास तर अखंड पंख हवे असतात. अर्थात पेटीत येण्यापूर्वीच अनेक रोगी गाळले जातात. तेथे आढळलेले विपुल बीजाणू हा पुरावा खरा. बीजाणूंचा अभाव हा मात्र निरोगीपणाचा पुरावा नव्हे. उलटपक्षी, एखाददुसरा बीजाणू शेजारच्या नमुन्यावरूनही आलेला असू शकतो.

हा आक्षेप सरसकट लागू पडत नाही. हायपोलिम्नस बोलिना या फुलपाखरातील वोल्बाकिया जीवाणू नर-भ्रूणांचा नाश करतो. बाधित माद्यांच्या रूपात मात्र व्यंग दिसत नाही. म्हणून सुमारे शतकापूर्वीच्या नमुन्यांतील डीएनए तपासून हॉर्नेट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काढलेल्या निष्कर्षांना निवडीचा हा दोष तितकासा बाधत नाही.

टाचणीवरील चिठ्ठीही तितकीच महत्त्वाची. पूर्व उत्तर अमेरिकेतील स्थलांतरी मोनार्कांत तीव्र संसर्गाचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी, तर दक्षिण फ्लोरिडातील स्थायिकांत सत्तर टक्क्यांहून अधिक आढळले आहे. स्थळ व महिना न नोंदलेले फुलपाखरू या दोहोंपैकी कोणाची साक्ष देते, हे कसे ठरवावे? शितावरून भाताची परीक्षा करावी. पण शीत वेचून काढलेले असेल, तर ते कोणी व कशासाठी वेचले, हे आधी सांगितले पाहिजे.