नवरक्तवाहिनीजन्य काचबिंदू : वाहिनीरोधक औषधांच्या पुराव्याची चिकित्सा

काचबिंदूचे अनेक प्रकार आहेत. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे त्यांपैकी मुख्यतः एकाच प्रकारात वापरली जातात, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. मधुमेहामुळे किंवा दृष्टिपटलाची मुख्य शीर बंद पडल्यामुळे दृष्टिपटलास प्राणवायू कमी पडतो. मग व्हीईजीएफ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात स्रवते आणि बुबुळावर, तसेच डोळ्यातील द्रव ज्या कोनातून बाहेर जातो तेथेही, नव्या वाहिन्या उगवतात. त्यांच्यासोबत वाढलेला तंतुमय पडदा आकसला की कोन बंद होतो, दाब चढतो आणि दृष्टीची नस निकामी होते.

2004 साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालेले बेव्हॅसिझुमॅब नेत्रतज्ज्ञांनी पुढे या विकारातही वापरले. जपानने 2020 मध्ये अफ्लिबरसेप्टला खास याच विकारासाठी मान्यता दिली. त्यामागील ‘वेगा’ चाचणीत 54 रुग्ण होते. एका आठवड्यानंतर बुबुळावरील वाहिन्या औषध घेतलेल्या 70.4 टक्के रुग्णांत कमी झाल्या; लटके इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण 11.5 टक्के होते. दाब मात्र अनुक्रमे सरासरी 9.9 आणि 5.0 मि.मी. पारा इतका उतरला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात अपुरा ठरला.

या दोन निष्कर्षांतील अंतर महत्त्वाचे आहे. वाहिन्या विरल्या म्हणजे काचबिंदू बरा झाला, असे नव्हे. औषधाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो. प्राणवायूची उणीव कायम राहिल्यास वाहिन्या परत येतात. आकसून चिकटलेला कोन तर इंजेक्शनाने उघडत नाही. दीर्घकालीन लाभाचा पुरावा अपुरा असल्याचे 2020 च्या कोक्रेन समीक्षेनेही नोंदविले आहे.

म्हणून औषधाचे खरे मोल मिळणाऱ्या अवधीत आहे. कोन उघडा असतानाच इंजेक्शन देऊन त्या काळात दृष्टिपटलावर लेझर उपचार उरकता येतात; शस्त्रक्रिया लागलीच, तर रक्तस्रावाचा धोका घटतो. हा अवधी वाया गेला तर दृष्टी जाते आणि गेलेली परत येत नाही. ‘काचबिंदूवर नवे इंजेक्शन’ असे मोघमपणे शिकविणारा पाठ नेमकी हीच गोष्ट झाकतो. मधुमेही घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला औषधाच्या नावाआधी दृष्टिपटलाच्या वेळेवर तपासणीचे महत्त्व कळले, तर तो पाठ सार्थ ठरेल.